अंजूचं पोट

अंजू पुन्हा पोट धरून ओसरीवर बसली. दप्तर पाठीवर, एक चप्पल पायात, दुसरी अंगणात. बाहेर तिचा बाप जागेश्वर मोटारसायकल चालू ठेवून हॉर्नवर हॉर्न देत होता. शिकवणीची वेळ टळत होती. नवोदय शाळेची प्रवेशपरीक्षा शनिवारी होती.

"काहून वं, आखीन दुखून राहिलं का?" आजीनं, बेबीबाईनं, विचारलं.

अंजूनं मान डोलावली. ढोंग नव्हतं ते. थंडीतही पोरीच्या कपाळावर घाम होता.

पोट एकटीचं, पण त्यावर बोलायचा हक्क साऱ्या घराचा. बेबीबाई म्हणे, बेंबी सरकली. तिनं रोज सकाळी उपाशीपोटी पोरीला उताणं झोपवून पोट चोळून दिलं. दुखणं गेलं नाही, नाश्ता मात्र गेला. आई रिता म्हणे, जंत. जंताची गोळी झाली. शेजारच्या चंद्रकलाबाईनं बोरांवर बोट ठेवलं. बोरं बंद झाली, मग दूध बंद झालं. पोरीनं खायचं तरी काय, हे कोणी सांगेना.

शिकवणीच्या सरांनी तर आणखीच गोंधळ वाढवला. "पेपर सोडवतपर्यंत हसतखेळत राहते," ते जागेश्वरला म्हणाले. "मार्क सांगितले का पोट धरते." मार्क तर पैकीच्या पैकी! बेबीबाईला लगेच उलगडा झाला. "नजर लागली. इतके मार्क कोनाच्या डोळ्यात खुपनार नाई?" त्याच संध्याकाळी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की अख्खं घर अंगणात पळालं. ठसका लागला म्हणजे नजर नव्हतीच, पण हे बेबीबाईला सांगायची कोणाची छाती? सकाळी पोट पुन्हा तेच.

जागेश्वरचा जीव थाऱ्यावर नव्हता. थोरला कुलदीप आधीच नवोदयमध्ये होता. तिथल्या वसतिगृहात राहून शिकत होता. आता अंजूचा नंबर लागला की एका घरातून दोन! हे त्यानं सानगडीच्या बाजारात, धानाच्या गिरणीवर, सासरवाडीला, जाईल तिथं सांगून ठेवलं होतं. गावही मोठ्या मनाचं. अंजू दिसली की जो तो म्हणे, "तू तं पास होतंच, बेटा!" अंजू हसायची, आणि हात पोटावर जायचा.

दिवाळीला कुलदीप घरी आला होता. जेवण झाल्यावर तो आपलं ताट उचलून धुवायला निघाला. "पाहा, केवढी शिस्त!" बेबीबाईनं कौतुक केलं. रिता मात्र डोळ्याला पदर लावून आत गेली. पोटचा पोरगा आपल्याच घरात पाहुण्यासारखा वागतो, हे कोणत्या आईला बघवेल? अंजू तिच्या मागोमाग आत गेली आणि बराच वेळ तिला चिकटून बसली.

आज जागेश्वरनं हॉर्न द्यायचं थांबवलं. शिकवणी गेली खड्ड्यात, म्हणाला. अंजूला मध्ये आणि रिताला मागे बसवून त्यानं गाडी साकोलीला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली.

बाईंनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या, खाण्यापिण्याचं, शौचाचं, शाळेचं विचारलं. मग म्हणाल्या, "आजार काही दिसत नाही. पण दुखतंय ते खरं दुखतंय, तिला खोटं पाडू नका. या वयात मनातली भीती पोटात उतरते. कशाची धास्ती घेतली आहे का तिनं?"

"शनिवारी परीक्षा हाये तिची," जागेश्वर पुटपुटला.

"मग तिला सांगा, नापास झाली तरी चालेल. मनापासून सांगा. आणि सकाळी पोटभर खाऊ घाला आधी."

मनापासून! परतीच्या वाटेवर तो शब्द जागेश्वरच्या डोक्यात घोळत राहिला. गावभर केलेली फुशारकी आठवली. आपल्या हौसेपायी पोरगी रोज कळा सोसते, याची त्याला मनापासून लाज वाटली. तलावाच्या पाळीवर त्यानं गाडी थांबवली. अंजूला खाली उतरवून तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पाहा बेटा, नापास झाली तं झाली. मी रागावनार नाई. कोनी काई म्हननार नाई, मी पाहून घेतो साऱ्याइले. तुह्या गळ्याची आन. आता नाई ना दुखनार?"

रितानं हसून नवऱ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी तिला हलकं वाटलं. अंजू मात्र हसली नाही. तिचा हात अजून पोटावरच होता.

"आनं पास झाली तं, बाबा?" तिनं विचारलं. "तरी मले घरीच राहू द्यान का?"