गोटी चुकत कशी नाही?

“टच युअर नोज,” बाई म्हणाल्या आणि डोळ्यांत तेल घालून स्क्रीनकडे पाहत राहिल्या. चार चौकटींतल्या चार पोरांनी टपकन नाकाला हात लावला आणि चौघंही बाद झाली. पाचव्या चौकटीतली गोटी तेवढी हात मांडीवर ठेवून ढिम्म बसली होती. आधी ‘टीचर सेज’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही, हा खेळाचा नियम. सहा-सात वर्षांची पोरं तो दहादा विसरतात. गोटी महिन्याभरात एकदाही विसरली नव्हती. बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

ऑनलाइन इंग्रजी शिकवण्यात बाईंची तीन वर्षं गेली होती, आणि चौकटीबाहेर काय काय चालतं हे त्यांना पाठ होतं. पडद्याआडून कुजबुजणाऱ्या आया त्यांनी पकडल्या होत्या. एक आजोबा तर टेबलाखाली बसून नातवाला उत्तरं पुरवायचे. बिचारे शिंकेपायी सापडले. तेव्हा गोटी नुसती हुशार आहे, हे बाईंच्या गळी उतरेना. हुशार म्हणावं, तर बाकीची पोरं आपसात गप्पा मारायला लागली की ही शुंभासारखी बसून राहायची. मघाशी तो काय म्हणाला, असं विचारलं तर नुसती हसायची. आणि खेळात मात्र एक चूक नाही! कुठेतरी पाणी मुरत होतं.

दोन आयांनी तक्रारही केली होती. क्लासचा नियम साधा होता. कॉपी सापडली की नाव कमी. गोटी बाईंना मनापासून आवडायची, म्हणून त्यांना रागही जरा जास्तच आला होता. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून त्यांनी क्लास सुटल्यावर तिला आणि तिच्या आईला थांबवून घेतलं.

आई इस्त्री अर्धवट टाकून आली होती. बाईंनी आडवळणाने विषय काढला, पण तिच्या लगेच लक्षात आलं.

“घरात आम्ही दोघीच असतो,” ती म्हणाली. “आणि मला इंग्रजी येत असतं, तर क्लास कशाला लावला असता?”

बाईंनी तरी खोली दाखवायला लावली. आईने लॅपटॉप उचलून चारी बाजूंना फिरवला. पलंग, कपाट, खुर्चीवर कपड्यांचा ढीग. पलंगाखाली चपला आणि एक फुटकी बादली. माणूस कुठेच नव्हतं. मग बाईंनी चित्रांचा खेळ लावला. स्क्रीनभर बारा चित्रं पसरली आणि त्या एकेक शब्द म्हणू लागल्या. गोटीने सगळी बरोबर ओळखली, पण तिची नजर आधी चित्रांकडे जातच नव्हती. प्रत्येक वेळी ती वरच्या उजव्या कोपऱ्यात टक लावायची, शब्द संपेपर्यंत तिथेच खिळायची, आणि मगच बोट चित्रावर यायचं. बाईंना वाटलं, सापडलं. कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवली होती तर!

त्यांनी तसं म्हणताच आईचा चेहरा उतरला. तिने तळहाताने तो कोपरा खसाखसा पुसून दाखवला. तिथे काही नाही, तिथे तुमचाच चेहरा दिसतो, असं ती पडेल आवाजात म्हणाली.

बाईंचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. आज्ञांची आणि शब्दांची यादी त्यांच्या समोरच उघडी होती. ती भिंगांत चमकत असणार! एवढीशी पोर आपल्याच चष्म्यातून उत्तरं वाचत होती! बाईंना राग आला, आणि खोटं कशाला बोला, थोडं कौतुकही वाटलं. त्यांनी चष्मा काढला नाही. सरळ कॅमेराच बंद केला.

“टीचर सेज, क्लॅप युअर हँड्स,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

गोटी हलली नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. मग आणखी तीन आज्ञा दिल्या, अगदी सोप्या, पहिल्या आठवड्यातल्या. गोटी पुढे वाकली, त्या काळ्या चौकोनाकडे पाहत राहिली आणि तिचा ओठ थरथरायला लागला. एवढं इंग्रजी महिन्याभरात आईच्याही कानावरून गेलं होतं; पाठीमागून ती गोटीला टाळ्या वाजव, टाळ्या वाजव म्हणत होती. तिकडेही तिचं लक्ष नव्हतं. ही अशीच, आई रडकुंडीला येऊन म्हणाली, पाठीमागून कितीही हाका मारा, ओ म्हणून देत नाही, हट्टी आहे नुसती. बाईंनी ते धड ऐकलंही नाही. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. क्लासच्या यादीत गोटीच्या नावावर काट मारायला त्यांनी पेन उचललं आणि कॅमेरा चालू केला.

बाई दिसताच गोटीचा चेहरा खुलला. ते पाहून त्यांना जरा चुकल्यासारखं झालं. तरी त्यांनी आवाज कडक ठेवला आणि विचारलं, की आत्ता एकही उत्तर का आलं नाही? खरं काय ते सांग.

“तुम्ही दिसत नव्हता ना, टीचर.”

“दिसायचं काय त्यात? मी बोलत होते की.”

त्यांचं वाक्य संपेपर्यंत गोटी त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली. मग तिने भुवया आवळल्या. टीचर आपल्याला फसवताहेत, असा आता तिलाच संशय आला होता.

“तोंड न बघता ऐकू येतं तुम्हाला?”