वरचा फा

"दुसऱ्या भागातही तेच!" ओत्तावियाने गज चेलोच्या तारांवरून उचलला. "मास्त्रो, धापा टाकत सुरांचे जिने मी चढते, दारापर्यंत पोचते, आणि बेल कोण वाजवतं? हा रुज्जेरो!"

"वय झालं तुझं, दमतेस, म्हणून मी वाजवतो," व्हायोला मांडीवर आडवी घेत रुज्जेरो म्हणाला. दोघे व्हायोलिनवाले खो खो हसले.

भिंतीशी बसलेली नोएमी हसली नाही. चेलो तिने बनवलेला होता. उद्याच्या मैफलीच्या पत्रकावर मास्त्रो गेरार्दींनी चार वाद्यांसाठी रचलेल्या नव्या क्वार्टेटखाली चेलोची कारागीर म्हणून तिचं नाव छापलं होतं. तिच्या मांडीवर दहा महिन्यांची अल्मा पावाचं टोक चघळत होती. तुकडा मोठा तर नाही ना, म्हणून नोएमीचं लक्ष सारखं तिच्या घशाकडे.

ओत्ताविया सकाळीच तोरिनोहून आली होती. चेलो तिने आज पहिल्यांदा हातात घेतला होता. ती भराभरा पानं उलटत होती. "चारही भागांत मला वरचा फा हा सूर एकदासुद्धा नाही. महाग झालाय की काय क्रेमोनात?"

"चेलोवर मला तो आवडत नाही," मास्त्रो म्हणाले. बोलताना त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, फक्त नोएमीकडे नाही. तेवढ्यावरून तिला कळलं.

त्या फावर लांडगा होता. चेलोच्या लाकडातच एखादा सूर अडकून बसतो. तिथे तार गात नाही, गुरगुरते. कारागीर त्याला लांडगा म्हणतात. थोडाफार प्रत्येक चेलोत असतो, आणि वाद्य देताना तो कुठे आहे ते सांगायचं असतं. नोएमीच्या चेलोत तो थोडाफार नव्हता, चांगलाच होता. वर्षापूर्वी मास्त्रोंना चेलो वाजवून दाखवताना तिने त्या फावरून गज भर्रकन पुढे नेला होता, आणि गप्प बसली होती.

चौघं कॉफी प्यायला उठले, तशी ती अल्माला कडेवर घेऊन मास्त्रोंपाशी गेली.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"कान आहेत मला, पोरी."

"मग बोलला का नाहीत?"

"आठवा महिना होता तुझा. टेबलाला धरून उठत होतीस. तुला काय सांगू, या चेलोचं पोट परत उघड म्हणून?" ते पेन्सिलीशी चाळा करत राहिले. "दिला सूर व्हायोलाला. काय बिघडलं?"

"आधी तो चेलोचाच होता?"

मास्त्रोंनी पेन्सिल खाली ठेवली. "आधी तोच सुचला होता. बाकीचं सगळं त्याच्यासाठी लिहिलं."

नोएमी जागेवर येऊन बसली. उद्या टाळ्या पडतील, लोक हात हातात घेऊन कौतुक करतील, कुणाला काही कळणार नाही. मास्त्रोंनी तशी सोयच करून ठेवली होती.

"नोएमी, काय चेलो केलायस गं!" खुर्चीत बसता बसता ओत्तावियाने चेलोच्या खांद्यावरून हात फिरवला. "मी नाही हा परत द्यायची. मास्त्रो, मैफल झाली की हा माझा. आत्ताच सांगून ठेवते."

मास्त्रो काहीतरी गमतीचं बोलायला गेले.

"ओत्ताविया," नोएमी मध्येच म्हणाली, "वरचा फा वाजव. तिसऱ्या तारेवर. सावकाश, गज पुरता ओढून."

"राहू दे गं," मास्त्रो हळूच म्हणाले.

"वाजव."

ओत्तावियाने खांदे उडवले आणि गज लावला. खोलीभर ओबडधोबड, फाटकी गुरगुर पसरली. ओत्तावियाचा हात थांबला. रुज्जेरोने मास्त्रोंकडे पाहिलं.

अल्मा दचकली होती. पण तिने चेलोकडे पाहिलं नाही. मान उंच करून ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.