दोन गाण्यांमधली जागा

"थांबवू नका, शेठ," अभिमन आबा म्हणाले. "हाई कानबाईनं गानं शे. अर्धं टाकतस नई."

प्रकाशचंदने बटणावरचं बोट उचललं. कापडाचं पिढीजात दुकान भावांवर सोडून तो जळगावात कॅसेटी भरून देत बसला होता. त्याच्या कानाला खोट खपत नसे आणि जिभेला हाड नव्हतं.

"अहो आबा, दोन डब्यांतला फरकच तर बघायचाय. दर वेळी अख्खं गाणं ऐकत बसलो तर यंदाची कानबाई माझ्या दुकानातच बसवावी लागेल."

आबा हसले नाहीत. शेजारी बसलेली त्यांची लेक लता मात्र हसली. "ऐका हो, प्रकाशभाऊ. आमच्या घरचा नेमच आहे तो."

कॅसेटमध्ये लताची आई गात होती. झुंबरबाई वरच्या सुरात गेली की साध्या टेपवर आवाज फाटायचा. श्रावणात एका रात्रीसाठी घरी बसणारी कानबाई देवी गेल्या वर्षी, दुखवट्यात, त्यांच्या घरात बसलीच नाही. यंदा बसणार होती, आणि गायला झुंबरबाई नव्हती. तेव्हा तिचीच गाणी भोंग्यावर लावायची आणि भाऊबंदांतल्या बायकांनी मागून म्हणायची, असं ठरलं होतं. भोंग्यावर आवाज फाटू नये, एवढ्यासाठी बापलेक भडगावहून आले होते.

टेबलावरचे ते दोन डबे म्हणजे लिमिटर. एक जुना, प्रकाशचंदने स्वतः जुळवलेला. दुसरा नवाकोरा, मुंबईहून आठवड्याच्या बोलीवर आणलेला.

"काम दोघांचं एकच," तो म्हणाला. "आवाज उसळला की दाबून धरायचा, उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारावी तसा. मग बाकीचं सगळं थोडं वर उचलता येतं. पण जुना डबा दाबलेलं सावकाश सोडतो. नवा लगेच सोडतो, त्यामुळे बारीकसारीकही ऐकू येतं."

गाणं संपलं. जुन्या डब्यातून आवाज कुठेही फाटला नव्हता. मागे नुसती खरखर उरली आणि प्रकाशचंदने टेप थांबवला.

"हाऊच डबा चांगला शे," आबा घाईने म्हणाले. "ह्यावरच भरी द्या. दुसरा कसाले?"

"नवाही ऐकू ना, आबा," लता म्हणाली. मग प्रकाशचंदकडे वळली. "ही कॅसेट माझ्यासाठी भरलेली. मी बाळंतीण, धुळ्याला अडकलेले. कानबाईला येता येईना, म्हणून मीच निरोप धाडला होता, दोन्ही बाजू भरून पाठवा." तिचा चेहरा उतरला. "दुसऱ्या दिवशी आई कानबाईला नदीवर पोचवून आली आणि ओसरीवर बसल्या बसल्याच गेली. आदल्या रात्री आबांच्या समोर गात होती. यांना काहीच कळलं नाही."

हे ती दोन वर्षं म्हणत आली होती. तेराव्याला म्हणाली, पुढे दर माहेरपणाला म्हणाली. आबांचं उत्तरही ठरलेलं होतं. आताही त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हटलं, "नई कळनं, माय."

प्रकाशचंदने कॅसेट मागे घेतली आणि वायर नव्या डब्यात खोचली. तेच गाणं. आवाज तितकाच धरलेला, पण आता मागचं घरही ऐकू येत होतं. बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी जांभई देत होतं, भिंतीपलीकडे बैल मान हलवत होता. ओळ संपली की झुंबरबाई श्वास घेत होती. तो तिला पुरत नव्हता. लता पुढे सरकून बसली.

गाणं संपत आलं तसे आबा उठले. "चाल, गाडीना टाइम व्हई गया."

लता उठली नाही. प्रकाशचंदही टेप थांबवायचा विसरला. दोन गाण्यांच्या मधल्या जागेत, जिथे साध्या टेपवर आजवर नुसती खरखर ऐकू यायची, तिच्या मागून झुंबरबाई बोलली.

"दम लागी ऱ्हायना माले."

मग आबांचा आवाज आला. "आते पुरे कर. झोपी जाय. मी डाक्तरले आनस."

"नको. अजून फीत बाकी शे. लतानं सांगेल शे, दोन्ही बाजू भरा. पोर वाट देखी ऱ्हायनी." थोडा वेळ नुसता श्वास. "आनि तिले काई सांगू नका."

आबा टोपी हातात घेऊन उभे होते. लताला त्यांच्याकडे बघवेना. दोन वर्षं ती त्यांना बोल लावत आली होती आणि दोन वर्षं ते एकच खोटं बोलत आले होते.

तिने टेप बंद करायला हात पुढे केला. पण तेवढ्यात आईने कानबाईचं शेवटचं गाणं उचललं होतं. लताचं बोट बटणापाशीच राहिलं.

"जुन्या डब्यावरच भरतो, आबा," प्रकाशचंद हळूच म्हणाला.

लताने हात मागे घेतला. आबा पुन्हा तिच्याशेजारी बसले. गाणं लांबलचक होतं. एक ओळ, मग एक श्वास. पुन्हा ओळ, पुन्हा श्वास. तिघांनीही ते अर्धं टाकलं नाही.