सूर्य झाकणारी

आईच्या तेराव्याला हार घालायला फोटो लागणार होता, म्हणून अंगद नायगावच्या स्टुडिओत आला होता. सूर्याभोवती उजेडाचं खळं पडलं की तो कॅमेरा घेऊन शेतात धावायचा आणि मधला झगझगीत सूर्य झाकायला दर वेळी आईलाच उभं करायचा. तिच्या डोक्याभोवती देवीसारखी प्रभावळ यायची. अशा फोटोंना दोन बक्षिसं मिळाली होती. "माझं तोंड दिसायलंय का रे?" ती विचारायची. "हालू नको, माय," एवढंच तो म्हणायचा. आता स्टुडिओवाल्यानं त्यातल्याच एका फोटोचा उजेड वाढवून पाहिला. खळं विरून गेलं, तोंड मात्र काळंच राहिलं. "सर, दुसरा न्हाई का एखादा?" आईचे चाळीस फोटो होते, सगळे असेच. अंगदनं तिचं आधार कार्ड पुढं केलं. त्यावरचा फोटो कुणा परक्यानं घाईत काढला होता; पण त्यानं म्हटलं असणार, "मावशी, इकडं बघा."