भरलेला ग्लास

साऱ्या जगाची गळती थांबवणाऱ्या प्लंबरला स्वतःच्या तोंडाची गळती काही कधी थांबवता आली नव्हती. म्हणूनच लेकीने बजावलं होतं, "बाबा, ही मी एकटीने केलेली पहिली वाइन. मित्रांना खुशाल आणा, पण माझं नाव काढायचं नाही. तुमच्याखातर केलेलं कौतुक मला नको." ती वाइन करायला शिकतेय एवढंच मित्रांना ठाऊक होतं; कुठे, ते नाही.

मित्रांबरोबर वाइन चाखत सकाळपासून दोन वायनऱ्या झाल्या. त्यांतला शिंपी म्हणजे नंबर एकचा खोडकाढू. एकीकडची वाइन त्याला आंबट लागली, दुसरीकडची पाणचट. तिसऱ्या ठिकाणी, लेकीच्या वायनरीत, त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि चकार शब्द न काढता ग्लास रिकामा करून पुढे केला. "आणखी घाला."

प्लंबरची छाती सदऱ्यात मावेना. तो घाईघाईने छताखालचे पाइप तपासू लागला.

"कुणी केली रे ही?" शिंप्याने विचारलं.

"मला काय ठाऊक? असेल कुणीतरी."

"तुझ्या लेकीने ना?"

"आयला! तुला कुणी सांगितलं?"

"तूच की! आधीच्या दोन्ही ठिकाणी सगळ्यांत आधी तुझा ग्लास संपला. इथे तो भरलेलाच आहे, आणि आल्यापासून तू आमच्या तोंडाकडे बघत बसलायस."