बा

गाणं सुरू झालं आणि आईची शिलाई मशीन थांबली. आता काय होणार हे आरोहीला पाठ होतं. पिकोला आलेली साडी आई तशीच टाकेल, उठून दारापर्यंत जाईल, कडी लावेल, वळून आरोहीकडं बघेल आणि मग येऊन स्पीकर बंद करेल.

तसंच झालं.

"शेजाऱ्यांना ऐकू गेलं तर काय बिघडतं गं?" आरोही म्हणाली.

"दुसरं कुठलंबी लाव. हे नको." आई पुन्हा मशीनवर बसली.

'दगडफूल' हा सोलापूरचा बँड. रॉक म्हणजे दगडच की, असं म्हणून पोरांनी काळ्या मसाल्यातलं हे नाव उचललं होतं. अख्ख्या धाराशिवात त्यांचं आरोहीएवढं वेड कुणाला नसेल. ड्रमर मुनवरच्या वाढदिवसाला तिनं घरी शिरा केला होता. तो मुनवरला काही मिळाला नाही, गल्लीनं मात्र वाटी चाटूनपुसून परत केली.

वेड लागलं ते 'बा' या एका गाण्यामुळं. दारात कुणीतरी उभं आहे, दिवेलागण झाली आहे आणि शेवटी नुसती लांबलचक हाक. बा... बा... पप्पा तुळजापूर रोडवर स्कूटरच्या अपघातात गेले, त्याच वर्षी हे गाणं आलं होतं. आरोही त्यांना पप्पा म्हणायची खरी, पण तामलवाडीच्या आजोबांना पप्पा 'बा'च म्हणायचे. बा म्हणजे बाप, हे काय कुणी सांगावं लागतं? सगळे चाहते फादर्स डेला हेच गाणं स्टेटसला ठेवायचे.

आई मात्र रडली नव्हती. पप्पांना घरी आणलं तेव्हा नाही आणि तेराव्यालाही नाही. चौदाव्याला मशीनवर बसली. आई आळंदकडची, कानडी घरातली. पण लग्न होऊन आली तशी आजीनं घरात कानडी बंद करून टाकली होती. आरोहीच्या कानावर ती भाषा पडलीच नाही. पप्पांनाही ती कधी जमली नाही. सासुरवाडीला ते एका शब्दावर चार दिवस काढतात, असं मामा हसून सांगायचा. आता आजीही नव्हती. घरात दोघीच, आणि बोलणं मिठामिरचीपुरतं.

"तुला पप्पांची आठवणच नको आहे," असं आरोही मागच्या आठवड्यात बोलून गेली होती. आईनं सुईत दोरा ओवला.

आज दगडफूल कॉलेजच्या मैदानावर येणार होते. आरोहीनं मनाशी पक्कं केलं होतं. गायक वीरला गाठायचं, पप्पांचं नाव घेऊन 'दिग्विजय यांच्यासाठी' एवढं म्हणायला लावून त्याच्याच आवाजात दोन ओळी मोबाइलमध्ये घ्यायच्या आणि त्या आईला ऐकवायच्या. मग बघू कशी रडत नाही. आईला एकदा, फक्त एकदा, पप्पांसाठी रडताना बघायचं होतं तिला.

कार्यक्रम संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत स्टेजमागं पोचली. वीर कांदाभजी खात बसला होता. तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं हातातली भजी खाली ठेवली.

"ताई, खरं सांगू का? रागावू नका."

"सांगा ना."

"मी वीरप्पा. उमरग्याकडचा. घरात कानडी. आमची म्हैस सांजच्याला वेळेवर परतायची न्हाय. मग आज्जी बांधावर उभी राहून हाका मारायची, बा, बा. कानडीत बा म्हणजे 'ये'. लोकांनी त्याचा बाप केला. एवढी माणसं रडायलीत म्हणल्यावर आमी गपच बसलो."

"म्हशीचं गाणं हाय म्हणलं असतं तर कुत्रं ऐकलं नसतं," मुनवर म्हणाला.

"तरीबी म्हणतो की तुमच्या वडलांसाठी. द्या मोबाइल," वीर म्हणाला.

"नको," आरोही म्हणाली.

रिक्षात तिला रडू आवरेना. एका गाण्यात पप्पा शिल्लक होते, तेही गेले. आणि गेले कुणापायी, तर म्हशीपायी. हसावं की रडावं तेच तिला कळेना.

आई पायरीवर बसून वाट बघत होती.

"रडलीस का गं?"

"तू खूश हो. तुझंच खरं झालं. ते गाणं पप्पांचं नाहीच. म्हशीला मारलेली हाक आहे ती. बा म्हणजे बाप नाही, कानडीत बा म्हणजे..."

"ये," आई म्हणाली.

आरोही बघतच राहिली. "तुला माहीत होतं?"

"माझी भाषा हाय की ती."

"मग एवढे दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुला त्यात बाप घावला होता. मी कशाला काढून घेऊ?"

आरोही पायरीवर तिच्या शेजारी बसली. आईच्या पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. ती ते एकेक काढत राहिली.

"तुझ्या पप्पांना तेवढाच एक शब्द यायचा. सांजच्याला स्कूटर लावली की दारातनंच मला हाक मारायचे, हळूच, आजीला ऐकू जाऊ ने म्हणून. बा. घरात माझ्या भाषेत मला तेवढं एकच माणूस बोलवायचं."

"आई..."

"ते गाणं लागलं की वाटतं, दारात उभे हायत, बोलवायलेत. माझे पाय निघतातच बघ. म्हणून कडी लावते. मग तुझ्याकडं बघते, अन् माझं जायचं ऱ्हातं."