आठच्या वरचं सगळं खोटं

चार नंबरचा सेन्सर सकाळी अकरापासून गप्प होता. बाकीचे पाच दर मिनिटाला आपापल्या फ्रीजचं तापमान बिनतारी पाठवत होते. पडद्यावर हिरवे आकडे उमटत होते. चारपुढे नुसती रेघ.

रक्तपेढीतल्या या तंत्रज्ञबाई पन्नाशीला टेकलेल्या. दोन महिने जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्या प्रोग्रॅमिंग शिकल्या होत्या आणि ही यंत्रणा त्यांनीच जोडली होती. आजवर दर चार तासांनी फ्रीजच्या दारावरचा काटा वाचायचा आणि वहीत लिहायचं, एवढीच काय ती राखण. "या वयात कशाला डोक्याला ताप?" म्हणणारे आज मुद्दाम डोकावून जात होते. चार वाजता मोठे डॉक्टर बघायला येणार होते.

बाईंनी रिसीव्हर बंद करून चालू केला. अँटेना उभी केली, आडवी केली. प्रोग्रॅम तीनदा नव्याने चढवला. रेघ काही हलेना. सेन्सरच बाहेर काढावा म्हटलं, तर हेडबाई कडाडल्या, "सारखं दार नका हो उघडू, थंडी जाते आतली! काटा बघा, चार अंशांवर आहे."

"अरे मेल्या, बोल की काहीतरी!" तंत्रज्ञबाईंनी फ्रीजला चापट मारली. हाताला झिणझिण्या आल्या, तेवढंच.

शेवटी भाचीला फोन लावला. शिकवणारी तीच.

"मावशी, लोखंडी फ्रीज आहे, सिग्नल अडत असेल."

"काल बरा येत होता!"

"मग प्रोग्रॅम पाठव बघू."

पाच मिनिटांत फोन वाजला. "मावशी, आठच्या वरचा आकडा टाकून द्यायची ओळ कुणी लिहिली?"

"मीच. चालू होताना तो एकदम पंच्याऐंशी दाखवायचा. रक्ताच्या फ्रीजमध्ये पंच्याऐंशी कसं असेल? म्हटलं, आठच्या वरचं सगळं खोटं."

"ती ओळ काढ आधी."

त्यांनी ओळ पुसली. मिनिटभराने रेघेच्या जागी आकडा उमटला. सतरा.

त्या उठल्या. कुणाला न विचारता दार उघडून एका पिशवीला हात लावला. पिशवी गार नव्हती. दारावरचा काटा मात्र चारवर ठाम होता.

डॉक्टर आले तोवर एकवीस पिशव्या नष्ट करायच्या पेटीत गेल्या होत्या. खिडकीपाशी एक माणूस चिठ्ठी धरून उभा होता आणि त्याच्यासाठी दुसऱ्या रक्तपेढीला फोन चालू होता.

"म्हणजे तुमचं यंत्र ऐनवेळी बंद पडलंच," डॉक्टर म्हणाले.

हेडबाईंनी घाईघाईने मान डोलावली.

"नाही सर," तंत्रज्ञबाई म्हणाल्या. "ते सकाळपासून सांगतच होतं. ऐकायचं नाही, असं मीच लिहून ठेवलं होतं."